अलाउ : देणारा कोण, घेणारा कोण

"सर, आत सोडलंच नाही बघा."

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून माझ्याकडे इंग्रजी शिकायला येणारी मुलगी सांगत होती. परीक्षेच्या दिवशी बस उशिरा आली, केंद्रावर पोहोचायला सात मिनिटं जास्त लागली आणि तोवर फाटक बंद झालं होतं. पुन्हा बसू द्यावं म्हणून अर्ज करायचा होता. इंग्रजीतला मसुदा तिनं स्वतःच लिहून आणला होता. त्यात मुख्य वाक्य होतं : 'दे डिड नॉट अलाउ टू गो इनसाइड.'

म्हणायचं काय आहे ते वाचणाऱ्याला कळतं. तरीही हे इंग्रजी वाक्य पुरं झालेलं नाही, कारण त्यात एक माणूस नाही आणि तो माणूस म्हणजे ती स्वतः. 'दे डिड नॉट अलाउ मी टू गो इनसाइड' असं हवं होतं. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मुलांच्या वह्या मी बरीच वर्षं तपासतोय आणि ही चूक मला दर आठवड्याला भेटते. हुशार मुलंही करतात. म्हणून ती कुठून येते तेच आधी पाहू.

आपण मराठीत 'आत जाऊ दिलं नाही' म्हणतो. कोणाला दिलं नाही हे सांगावं लागत नाही. जो बोलतोय त्यालाच, हे ऐकणाऱ्याला आपसूक समजतं. मराठी वाक्य असं माणसं गाळून उभं राहू शकतं. इंग्रजीत 'अलाउ'नंतर 'टू' लावून क्रियापद आणायचं असेल, तर ज्याला मुभा मिळते किंवा नाकारली जाते त्याला मध्ये बसवावंच लागतं. 'अलाउ मी टू गो', 'अलाउ हर टू सिट', 'अलाउ द चिल्ड्रन टू प्ले'. मधली जागा रिकामी ठेवून चालत नाही. मुलं मराठीत विचार करून इंग्रजीत लिहितात, म्हणून ती जागा रिकामी राहते. यात मुलांच्या बुद्धीचा काही दोष नाही. दोन भाषांची घरं वेगळी बांधलेली आहेत, एवढंच.

माणूस सांगायचाच नसेल तर इंग्रजीनं दुसरी वाट ठेवली आहे. कृतीलाच नाम करायचं. 'वुई डू नॉट अलाउ पार्किंग हिअर.' इथे पार्किंगलाच परवानगी नाही, मग ते कोणाचंही असो. 'अलाउ टू पार्क' चूक, 'अलाउ पार्किंग' बरोबर, 'अलाउ यू टू पार्क' हेही बरोबर. 'अलाउ मी फॉर गोइंग' हा प्रकार मात्र कुठेच बसत नाही. तो आपल्याकडच्या अर्जांत फार दिसतो, कारण 'जाण्यासाठी परवानगी द्यावी' यातला 'साठी' आपण 'फॉर' करून नेतो. 'साठी' घेऊन जायचंच असेल तर 'परमिशन' या नामाबरोबर 'टू' वापरावा : 'परमिशन टू गो'.

उच्चाराचं थोडक्यात सांगतो. शेवटी 'ओ' आणि 'डब्ल्यू' दिसले की मुलं 'लो', 'स्लो', 'फॉलो'च्या चालीवर 'अलो' वाचतात. हा शब्द 'काउ', 'नाउ' यांच्या रांगेतला आहे. जोर दुसऱ्या भागावर, 'लाउ'वर द्यायचा. भूतकाळी रूप 'अलाउड'. मोठ्यानं, ऐकू येईल असं, या अर्थाचा 'अलाउड' हा वेगळा शब्द आहे. त्यात एकच 'एल' असतो, पण उच्चार अगदी तोच. ऐकून लिहिताना संदर्भ पाहिल्याशिवाय भागत नाही.

आता शब्दाच्या पोटात शिरू, कारण खरी संपत्ती तिथं आहे.

'अलाउ' इंग्रजीत आला जुन्या फ्रेंचमधून, आणि त्या फ्रेंच शब्दात लॅटिनचे दोन वेगळे शब्द मिसळून गेले होते. एकाचा अर्थ वाखाणणं, पसंत करणं. दुसऱ्याचा अर्थ जागा किंवा वाटा नेमून देणं. म्हणजे जन्मापासूनच या शब्दाला दोन बाजू आहेत : 'ठीक आहे' असं म्हणणं, आणि मोजून काहीतरी हातात ठेवणं. आपण पहिलीच बाजू शिकतो, परवानगीची. दुसरी शिकवलीच जात नाही, आणि मग 'अलाउन्स' म्हणजे भत्ता कसा झाला याचं कोडं पडतं. प्रवासभत्ता म्हणजे प्रवासाची परवानगी नव्हे. प्रवासासाठी नेमून दिलेला पैसा. 'अलाउ मी टू डेज' म्हणजे मला दोन दिवस द्या.

मराठीत या दोन्ही बाजू एकत्र सांभाळणारा शब्द आपल्याजवळ आहे : मंजूर. रजा मंजूर होते आणि कर्जही मंजूर होतं. एकात परवानगी आहे, दुसऱ्यात रक्कम. हा शब्द अरबीतून आलेला, 'नजर'च्या घरातला. मोठ्याच्या नजरेखालून गेलं ते मंजूर.

'अलाउन्स'चा हा दुसरा अर्थ शिकवायला मला पुस्तक लागत नाही. बेळगावातला उद्यमबाग पुरतो. इथं बिडाचं ओतकाम करणाऱ्या फौंड्री पुष्कळ आहेत आणि माझ्या संध्याकाळच्या वर्गात तिथली मुलं येतात. त्यांच्या तोंडी 'अलाउन्स' दोनदा येतो. पगाराच्या कागदावर डिअरनेस अलाउन्स, म्हणजे महागाई भत्ता. आणि पॅटर्नशॉपमध्ये, म्हणजे साच्यासाठी लाकडी नमुने करतात तिथं, श्रिंकेज अलाउन्स. बिडाचा रस साच्यात ओतल्यावर थंड होताना आकसतो. साध्या करड्या बिडाचा हिशेब साधारण मीटरला दहा मिलिमीटर धरतात. म्हणून तयार नग एक मीटरचा हवा असेल तर लाकडी पॅटर्न १०१० मिलिमीटरचा करावा लागतो. पॅटर्न करणाऱ्यांची मोजपट्टीसुद्धा निराळी असते. तिच्यावरच्या खुणाच मुळात तेवढ्या मोठ्या आखलेल्या असतात. पुढे लेथवर पृष्ठभाग छिलायचा असेल तर तिथं आणखी थोडी धातू जास्त ठेवतात, तो मशीनिंग अलाउन्स.

या अलाउन्समध्ये परवानगी कुठे आहे? शोधली तर सापडते. धातूला आकसायला जागा दिलेली आहे. पुढं काय घडणार हे ओळखून आधीच मोकळीक ठेवली आहे. 'अलाउ फॉर' या जोडीचा अर्थ नेमका हाच : एखादी गोष्ट घडणार हे धरून आधीच हिशेबात जागा ठेवणं. 'अलाउ फॉर ट्रॅफिक' म्हणजे वाहतुकीत जाणारा वेळ धरून निघा. 'वाहतुकीला परवानगी द्या' असं त्याचं भाषांतर मी एका वहीत पाहिलं आहे. त्या मुलाला मी चूक म्हटलं नाही. त्याला विचारलं, "तुझी आई ब्लाउज शिवते नव्हं? कापताना काय सोडते?" "माया," तो म्हणाला. शिवणकामात कडेला जास्तीचं कापड ठेवतात ती माया. इंग्रजीत तिला 'सीम अलाउन्स' म्हणतात. पुढे अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून ठेवलेली जागा. तो मुलगा 'अलाउ फॉर' पुन्हा चुकला नाही. भाताचं पोतं तोलताना बारदानाचं वजन वजा धरतात, तेही 'अलाउ फॉर'च.

परवानगीकडे परत येऊ. 'अलाउ'चा सख्खा सोबती म्हणजे 'लेट', आणि सीमाभागातल्या मुलांना तो इतरांपेक्षा लवकर कळायला हवा असं मला मनापासून वाटतं. कारण तो त्यांच्या बोलण्यात आधीच आहे. ती मुलगी काय म्हणाली? 'आत सोडलंच नाही.' पुण्याकडची मुलगी कदाचित 'आत जाऊ दिलं नाही' म्हणाली असती. आपल्याकडे 'सोडणं' सहज येतं. शेजारी कन्नड आहे आणि कन्नडमध्येही 'बिडु' म्हणजे सोडणं. 'ओळगे बिडलिल्ला', आत सोडलं नाही. इंग्रजी 'लेट'चं जुनं रूपही असंच आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ सोडून देणं, मागे ठेवून जाणं असा होता. सोडणं, बिडु, लेट, तिघांची चाल एक : धरलेला हात ढिला करणं. आणि मराठीतलं 'जाऊ देणं' पाहिलं तर त्यात 'देणं' आहे. गंमत अशी की कन्नडच्या लिखित भाषेत तेही आहे : 'होगगोडलिल्ला', जाऊ दिलं नाही, आणि त्यात 'कोडु' म्हणजे देणं दडलेलं. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाला परवानगीची ही दोन्ही चित्रं घरीच मिळतात, सोडण्याचं आणि देण्याचं.

वापरायचे नियम दोनच, पण कडक. 'लेट'नंतर 'टू' येत नाही : 'लेट मी गो', 'लेट हर सिट'. 'अलाउ'नंतर येतो : 'अलाउ मी टू गो'. दुसरा नियम असा की 'अलाउ'चं कर्मणी रूप होतं, 'आय वॉज अलाउड टू गो'. 'लेट'चं तसं होत नाही. 'आय वॉज लेट टू गो' असं कोणी लिहीत नाही. 'ही वॉज लेट गो' असं वाक्य कानावर आलं तर त्याचा अर्थ भलताच असू शकतो : त्याला नोकरीवरून कमी केलं. सूरही वेगळा असतो. घरात, मित्रात 'लेट'. कार्यालयात, नियमात 'अलाउ'. आणि 'लेट मी गो' रागानं म्हटलं तर 'सोड मला' होतं.

'लेट'ची एक उलटी बहीणही आहे. रूप तेच, अर्थ अडवणं. ती आता जवळजवळ संपली आहे, पण आपल्या घरात अजून एका ठिकाणी छापलेली असते : पासपोर्टमध्ये. भारतीय पासपोर्टच्या सुरुवातीला राष्ट्रपतींच्या नावानं जी विनंती आहे तिच्यात म्हटलंय, 'अलाउ द बेअरर टू पास फ्रीली विदाउट लेट ऑर हिंडरन्स'. धारकाला अडथळ्याविना, अटकावाविना मोकळेपणानं जाऊ द्यावं. एकाच वाक्यात जाऊ देणारा 'अलाउ' आणि वाट अडवणारा 'लेट' शेजारी बसले आहेत. टेनिसमध्ये सर्व्हिसचा चेंडू जाळीला घासून पलीकडच्या योग्य चौकटीत पडला की पंच 'लेट' म्हणतो, तोही अडथळ्याचाच. हा अडवणारा 'लेट' उशीर या अर्थाच्या 'लेट'च्या नात्यातला आहे. अडवलं की उशीर होतो. देवनागरीत आपण हे सगळे सारखेच लिहितो. इंग्रजीत उशिराच्या 'लेट'चा उच्चार मात्र जरा लांबतो, 'लेइट'सारखा.

'परमिट' हा शब्द 'अलाउ'पेक्षा जास्त सरकारी आहे. त्याच्या मुळात 'पार जाऊ देणं' हा अर्थ आहे. तो कागदाशी, शिक्क्याशी, अधिकाऱ्याशी बांधलेला असतो. आई मुलाला 'परमिट' करत नाही, 'अलाउ' करते किंवा 'लेट' करते. गणेशोत्सवात मंडळांना ध्वनिक्षेपकासाठी अर्ज करावा लागतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. लेखी परवानगीशिवाय ध्वनिक्षेपक वापरता येत नाही आणि रात्री दहा ते सकाळी सहा तो बंद ठेवायचा. सणासमारंभासाठी राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस रात्री बारापर्यंत सूट देऊ शकतं. असल्या ठिकाणी 'परमिट' हाच शब्द शोभतो, कारण देणारं सरकार आहे आणि दिलेलं कागदावर आहे.

निपाणी ओलांडून कोल्हापूरकडे निघालात तर सीमा गेल्याचं पाटीवरूनही कळतं. इकडे 'बार अँड रेस्टॉरंट', तिकडे 'परमिट रूम'. माझे विद्यार्थी विचारतात, त्या खोलीला परमिट कशाचं? मूळ १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात आहे. त्या कायद्यानं दारू पिणाऱ्यालाच परवाना लागतो, आणि तो कायदा महाराष्ट्रात नाव बदलून आजही आहे. तो झाला तेव्हा बेळगावही मुंबईलाच जोडलेलं होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचनेत बेळगाव मैसूर राज्यात गेलं आणि पाटीवरचा शब्द सीमेच्या पलीकडे राहिला.

रजा. हा शब्द शिकवताना मला दर वेळी आनंद होतो. सुट्टीला इंग्रजीत 'लीव्ह' का म्हणतात? 'लीव्ह' म्हणजे सोडून जाणं, म्हणून सुट्टी, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. हा 'लीव्ह' वेगळा, आणि त्याचा मूळ अर्थच परवानगी. कामावर न येण्याची परवानगी ती लीव्ह. आता आपली 'रजा' पाहा. अरबी-फारसीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ संमती, मर्जी. पाहुणा 'रजा घेतो' तेव्हा सुट्टी घेत नाही, जायला परवानगी मागतो. दोन भाषा, एकमेकींना न विचारता, परवानगीपासून सुट्टीपर्यंत एकाच वाटेनं चालत आल्या.

हे माहीत असलं की कोर्टाचे कागद वाचताना माणूस घाबरत नाही. आपल्याकडे जमिनीचे दावे पिढ्यान्‌पिढ्या चालतात. बेळगावचे लोक अपिलासाठी उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाकडे जातात आणि निकाल इंग्रजीत हातात पडतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशात 'लीव्ह ग्रँटेड' दिसलं तर त्याचा सुट्टीशी संबंध नाही. अपील करायला परवानगी मिळाली, एवढाच अर्थ. आणि 'द अपील इज अलाउड' म्हणजे अपील करायला परवानगी मिळाली असं नव्हे, तर अपील मंजूर झालं, अपील करणारा जिंकला. 'अ‍ॅडमिटेड' म्हणजे नुसतं सुनावणीसाठी दाखल करून घेतलं. माझ्या ओळखीच्या एका शेतकरी काकांनी 'अलाउड' वाचून "आता अपील करायला मोकळीक दिलीय म्हणे" असं घरी सांगितलं. जिंकल्याचं त्यांना चार दिवसांनी कळलं. चार दिवस त्या घरात कोणाला नीट झोप नव्हती. एका शब्दाचा दुसरा अर्थ कोणी सांगितला असता तर ते दिवस वाचले असते.

नोकरीसाठी पुण्याला गेलेली मुलं घरभाड्याचा करार करतात त्यावर लिहिलेलं असतं, 'लीव्ह अँड लायसन्स'. लीव्ह म्हणजे परवानगी. लायसन्सचं मूळही लॅटिनमधलं 'मुभा असणं'. म्हणजे परवानगी आणि परवानगी. हे दोनदा सांगणं फुकट नाही. १८८२ च्या सुखाधिकार कायद्यात लायसन्सचा अर्थ दिला आहे : दुसऱ्याच्या जागेत काही करायची मुभा, जिच्यामुळे त्या जागेत तुमचा कसलाही हक्क तयार होत नाही. 'लीज', म्हणजे भाडेपट्टा, यात हक्काचा काही अंश तुमच्याकडे येतो. लायसन्समध्ये येत नाही, आणि देणारा ती मुभा सर्वसाधारणपणे परत घेऊ शकतो. सही करताना मुलांनी हे समजून करावी.

कन्नड शिकणाऱ्यांसाठी इथं दोन खाचखळगे सांगायला हवेत. मराठीत वाहन चालवायचा तो परवाना आणि परवानगी म्हणजे नुसती संमती. कन्नडमध्ये 'चालना परवानगी' म्हणजेच ड्रायव्हिंग लायसन्स. दुसरा खड्डा मोठा : 'निषेध'. कन्नड पाटीवर 'धूमपान निषेधिसलागिदे' असतं, म्हणजे धूम्रपानाला मनाई आहे. मराठी माणूस 'निषेध' वाचून मोर्चाच्या फलकाचा अर्थ लावतो. जुना अर्थ आपल्याकडेही 'विधिनिषेध' या शब्दात शिल्लक आहे. काय करावं तो विधी, काय करू नये तो निषेध.

मनाईवरून आठवलं. नकाराच्या जागी मराठी आणि इंग्रजीत एक मोठी फट आहे आणि तिच्यात माणसं पडतात. 'या वर्षी फी भरायची नाही' हे मराठी वाक्य घ्या. त्याचा अर्थ फी माफ आहे असा होतो आणि फी भरू नका, बहिष्कार आहे, असाही होतो. आपण सुरावरून आणि प्रसंगावरून ओळखतो. इंग्रजीत या दोन वेगळ्या खोल्या आहेत. 'यू डोन्ट हॅव टू पे' म्हणजे भरायची गरज नाही, भरलीत तरी कोणी अडवणार नाही. 'यू आर नॉट अलाउड टू पे' म्हणजे भरायला बंदी. 'उद्या यायचं नाही' हे शिक्षकांनी सांगितलं तर सुट्टी, मालकानं रागानं सांगितलं तर नोकरी गेली. इंग्रजीत लिहिताना थांबून स्वतःला विचारायचं, गरज नाही की परवानगी नाही? मराठीतून इंग्रजीत केलेल्या सूचनांमध्ये सर्वांत घातक चुका मी इथंच पाहिल्या आहेत.

'नॉट' कुठे बसतो यानंही अर्थ फिरतो. 'नॉट अलाउड टू स्पीक' म्हणजे बोलायला बंदी. 'अलाउड नॉट टू स्पीक' म्हणजे गप्प राहायची मुभा. 

'मे' आणि 'कॅन' यांच्यावर फार वेळ घालवत नाही. 'मे आय कम इन' हे आपलं 'येऊ काय?'. मराठीत क्रियापदाच्या रूपातच परवानगी मागून होते, वेगळा शब्द लागत नाही. कन्नडच्या 'बरबहुदा?'मधला 'बहुदु' मात्र अगदी 'मे'सारखा आहे, शक्यता आणि परवानगी दोन्ही त्याच्याच अंगावर. एक बारकावा तेवढा लक्षात ठेवा. भूतकाळात नेहमीची मुभा होती असं सांगायचं असेल तर 'कुड' चालतो : लहानपणी आम्हाला तळ्यावर जाता यायचं. पण काल एकदा परवानगी मिळाली आणि मी लवकर निघालो, असं सांगताना 'कुड' नको, 'वॉज अलाउड टू' हवं.

आता त्या गोष्टीकडे येतो जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. 'अलाउ' या शब्दात नेहमी दोन माणसं असतात. एक देणारा, एक घेणारा. देणारा वर असतो. मराठीत 'जाऊ दे' म्हणताना तो 'दे'मध्ये दिसतो. इंग्रजी कर्मणी वाक्यात तो लपतो. 'नॉट अलाउड' अशी पाटी वाचली की कोण देत नाही हे पाटी सांगत नाही. २०२० मध्ये साथीच्या काळात निपाणीजवळ सीमेवरच्या कोगनोळीला तपासणी नाका होता आणि कर्नाटकात शिरायला सेवा सिंधू या सरकारी संकेतस्थळावरचा ई-पास लागायचा. ज्यांची लेक पलीकडे महाराष्ट्रात चंदगड, गडहिंग्लजला दिलेली, त्यांनी तेव्हा 'नॉट अलाउड' हे दोन शब्द जितके ऐकले तितके जन्मात ऐकले नसतील. निदान त्या वेळी तरी आदेश कोणाचा, पास कुठला, हे विचारता येत होतं आणि विचारल्यावर उत्तर होतं. प्रत्येक 'नॉट अलाउड'पुढे हा प्रश्न विचारायला मी मुलांना शिकवतो. कोणी? कोणत्या नियमानं? उद्धटपणे नाही, व्याकरणाच्या ओघात. कर्मणीचं कर्तरी करून दाखव म्हटलं की कर्ता शोधावाच लागतो.

आणि काही गोष्टी अशा आहेत जिथं 'अलाउ' हा शब्दच लागू नाही. कारण तिथं देणारा कोणी नाही. भारताच्या संविधानाचं ३५० वं कलम म्हणतं की आपल्या तक्रारीच्या निवारणासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, केंद्रात वा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. इंग्रजी मजकुरात शब्द आहेत 'शॅल बी एन्टायटल्ड'. 'शॅल बी अलाउड' म्हटलेलं नाही. 'अलाउड'मध्ये मुभा असते आणि मुभा काढून घेता येते. 'एन्टायटल्ड'मध्ये ती आधीच तुमची आहे, समोरच्यानं फक्त स्वीकारायची. उत्तर त्याच भाषेत मिळेल असं ते कलम म्हणत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. तिसाव्या कलमात भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढण्याबद्दल आणि चालवण्याबद्दल 'शॅल हॅव द राइट' असंच आहे. प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची पुरेशी सोय करावी हे सांगणारं ३५०-अ आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमणारं ३५०-ब ही दोन्ही कलमं १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनं आली. त्याच साली आपली राज्यं बदलली.

म्हणून 'काइंडली अलाउ मी टू सबमिट दिस अ‍ॅप्लिकेशन इन मराठी' असं वाक्य मुलांनी लिहिलं की मी ते खोडतो. व्याकरणात ते निर्दोष आहे. पण जे मागायचं नसतं ते त्यात मागितलेलं आहे.

त्या मुलीचा अर्ज आम्ही पुन्हा लिहायला बसलो. 'मी' हा शब्द तिनं लगेच जागेवर घातला. मग तिनं वाक्य फिरवून कर्मणी केलं, 'आय वॉज नॉट अलाउड टू एन्टर', कारण ते जास्त सभ्य दिसतं असं तिला वाटलं. मी विचारलं, "कोणी नाही सोडलं?" ती जरा थांबली. फाटकावर एक माणूस होता, त्यानं आत कोणाला विचारलंही नव्हतं, हे तिला तेव्हा आठवलं. तिनं तसं लिहिलं, वेळेसकट, बस किती वाजता यायची होती आणि किती वाजता आली तेही लिहिलं. शेवटच्या ओळीत तिनं पुन्हा परीक्षेला बसू देण्याची विनंती केली, 'प्लीज अलाउ मी टू अपिअर', आणि पेन उचलून माझ्याकडे पाहिलं, हेही खोडणार का म्हणून. ते मी खोडलं नाही. ते खरोखर मागणंच होतं.

मग तिनं दुसरा कागद घेतला आणि तोच अर्ज मराठीत लिहायला सुरुवात केली.